रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून

महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यांत एक वाक्य वर्षानुवर्षे लिहिले जात आहे. त्याला लेखक नाही, पण मराठीतल्या कोणत्याही नामवंत लेखकाच्या वाक्यापेक्षा ते अधिक वेळा कागदावर उतरले असेल. ‘यातील आरोपीने आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून...’ पुढे गाडीचा क्रमांक आणि मयताचे नाव येते. मयत कॉलेजातली मुलगी असो वा दूध आणायला निघालेले आजोबा, रस्ता मोकळा असो वा तुंबलेला, वाक्य बदलत नाही. पूर्वी त्याच्याखाली भारतीय दंडविधानाची २७९ आणि ३०४-अ ही कलमे लागत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची २८१ आणि १०६ लागतात. शिक्षेची कमाल मर्यादा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली. वाक्य होते तिथेच राहिले.

मी कादंबऱ्या लिहितो. त्यामुळे कोणतेही वाक्य समोर आले, की त्याचा कर्ता कोण हे आधी शोधण्याची मला खोड आहे. या वाक्यात रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करणारा माणूस एकच आहे, तो म्हणजे चालक. रस्त्याची परिस्थिती ही जणू पाऊसपाण्यासारखी, वरून आलेली गोष्ट. ती कोणी आखलेली नाही, तिची निविदा कधी निघाली नाही, तिचे बिल कोणी मंजूर केलेले नाही! तिच्याकडे लक्ष द्यायचे ते फक्त चालकाने, आणि तेही ताशी पन्नास किलोमीटरने जाताना, एका सेकंदात. ज्यांना लक्ष द्यायला वर्षे मिळाली होती, कचेऱ्या, नकाशे आणि पगार मिळाले होते, ते या वाक्यात कुठेच येत नाहीत.

हे वाक्य खोटे असते असे मला म्हणायचे नाही. पुष्कळदा ते अक्षरशः खरे असते. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरात अल्पवयीन मुलाने मध्यरात्रीनंतर पोर्शे मोटार दोन तरुण संगणक अभियंत्यांवर घातली, त्यानंतर तीनशे शब्दांच्या निबंधाची अट घालून मिळालेला जामीन आणि रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप यांवर शहर पेटून उठले, ते रास्तच होते. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात, वाघोलीला केसनंद फाट्याजवळ फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर मध्यरात्रीनंतर डंपर चढला. तिघे गेले, त्यांत दोन तान्ही मुले होती. चालक दारू प्यालेला होता. चालकाला अटक झाली आणि विषय तिथेच मिटला. अमरावतीकडून कामासाठी आलेली कुटुंबे डिसेंबरच्या थंडीत पुण्याच्या वेशीवर फुटपाथवर का झोपली होती, फुटपाथ आणि डांबर यांच्यामध्ये चाक अडवेल असे काहीच का नव्हते, आणि दारू प्यालेल्या माणसाच्या हाती त्या रात्री डंपरची किल्ली देणाऱ्या व्यवस्थेत मध्ये एकही थांबा का नव्हता, हे प्रश्न फिर्यादीच्या त्या वाक्यात बसत नाहीत. म्हणून ते विचारले जात नाहीत.

तीस-पस्तीस वर्षे मी बँकेत काढली. बँकेत एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात शिकवतात : तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात. एक कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. यात कॅशियरच्या चारित्र्यावर कसलाही संशय नसतो. तो प्रामाणिक आहे असे धरूनच दुसरी किल्ली ठेवलेली असते. कारण प्रामाणिक माणूसही कधी थकलेला असतो, कधी त्याच्या घरी आजारपण असते, कधी नोटा मोजता मोजता त्याचे लक्ष उडते. नोंद एकाने करायची, तपासायची दुसऱ्याने. संध्याकाळी रोजकीर्द जुळल्याशिवाय कोणी घरी जायचे नाही. एखाद्या शाखेत अफरातफर झालीच तर करणाऱ्याला शिक्षा होतेच, पण चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल तिथे संपत नाही. कोणता ताळा चुकला, कोणी तपासायचे होते, कोणाची सही न वाचता झाली, हे सगळे त्यात यावे लागते. आणि लेखापरीक्षणात काढलेली एखादी त्रुटी पुढच्या वर्षी पुन्हा दिसली, तर मूळ चुकीपेक्षा तिचे राहून जाणे हा मोठा गुन्हा समजतात.

‘सगळे कॅशियर सत्शील झाले पाहिजेत’ असा ठराव करून कोणी बँक चालवत नाही. शहरातले रस्ते मात्र आपण नेमके त्याच ठरावावर चालवतो. दर जानेवारीत रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम होतो, शाळकरी मुले फलक घेऊन उभी राहतात, यमाच्या वेशातला एखादा कलावंत सिग्नलवर रेडा शोधत हिंडतो. चालकांनी सुधारावे, पादचाऱ्यांनी सुधारावे. तिजोरीच्या दुसऱ्या किल्लीविषयी कोणी बोलत नाही.

बँकेतच मला या विषयाची दुसरी बाजू दिसली, आणि ती फिर्यादीतल्या वाक्यापेक्षा जास्त बोलकी आहे. अपघातात माणूस गेला की त्याचे वारस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जातात. तीन-चार वर्षांनी, कधी त्याहून उशिरा, निकाल लागतो आणि विमा कंपनी रक्कम भरते. ती सगळीच्या सगळी वारसांच्या हातात पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने नव्वदच्या दशकात घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अज्ञान मुलांचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत, आणि निरक्षर वा अननुभवी विधवेचा वाटाही काही वर्षे, राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेवीत ठेवण्याचा आदेश होतो. पावतीवर शेरा पडतो : ‘न्यायाधिकरणाच्या परवानगीशिवाय मुदतीपूर्वी परत करू नये, यावर कर्ज देऊ नये.’ हा शेरा मारण्याचे काम माझ्याकडे बरीच वर्षे होते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात व्याज घ्यायला येणाऱ्या बायकांमध्ये पेन्शनवाल्या कोणत्या आणि ‘कोर्टाच्या ठेवी’वाल्या कोणत्या, हे पासबुक न बघता सांगता येई. कोर्टाच्या ठेवीवाल्या तरुण असत.

या रकमा कशा ठरतात हे बहुतेक वाचकांना ठाऊक नसेल. २००९ च्या सरला वर्मा निकालाने त्याचे कोष्टक घालून दिले आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने त्यात भर घातली. समजा, ३८ वर्षांचा वायरमन आहे. स्वतःचा धंदा, महिना वीस हजार मिळकत, घरी बायको, दोन मुले आणि म्हातारी आई. वर्षाचे झाले २ लाख ४० हजार. पुढे मिळकत वाढली असती म्हणून त्यात ४० टक्के मिळवायचे : ३ लाख ३६ हजार. तो जगला असता तर स्वतःवर खर्च केलाच असता, म्हणून चौथाई वजा : २ लाख ५२ हजार. या वयाचा गुणक १५. म्हणजे ३७ लाख ८० हजार. शिवाय अंत्यसंस्कार वगैरेंचे ठरावीक आकडे. गुणक वयाप्रमाणे उतरत जातो. माझ्या वयाला आता ७ आहे. पासष्टी ओलांडली की ५ होईल. आयुष्याचे मोल इतक्या स्वच्छ आकड्यात दुसऱ्या कोणत्याही दस्तऐवजात मला वाचायला मिळालेले नाही.

माझा मुद्दा या आकड्यापुढचा आहे. हे ३७ लाख ८० हजार कोणाच्या खात्यात नावे पडतात? विमा कंपनीच्या. कंपनी ते सगळ्या वाहनमालकांच्या हप्त्यांतून भरून काढते, म्हणजे तुमच्या-माझ्या. ज्या चौकात तो वायरमन गेला तो चौक आखणाऱ्या, बांधणाऱ्या, खोदून ठेवणाऱ्या आणि दिवा न लावणाऱ्या कोणत्याही खात्याच्या वहीत या मृत्यूपोटी एक रुपयाही नावे पडत नाही. त्याच चौकात सहा महिन्यांनी दुसरा गेला तरी पडत नाही. आणि ज्याच्या खतावणीत नुकसान दिसतच नाही तो ते टाळण्याची खटपट कशासाठी करील? यात दुष्टपणा काही नाही. साधा हिशेबाचा भाग आहे.

यात अलीकडे एक फट पडली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला, की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई संबंधित यंत्रणेने द्यावी, आणि ती जबाबदार अधिकारी वा ठेकेदारांकडून वसूल व्हावी. योग्य खात्यात नावे पडलेली ही नोंद आहे. पण ती खड्ड्यांपुरती. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आले. रस्त्याची आखणी, बांधणी वा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले तर ठेकेदाराला वा यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड. एका आयुष्याला कमाल एक लाख! तेही कलम फिर्यादीत वाचायला मिळणे दुर्मिळ.

आता हे सगळे एका जागी उभे राहून पाहू. पुण्याच्या वाचकाला ती जागा सांगायला नको. सातारच्या बाजूने येणारा महामार्ग कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडतो आणि नवले पुलाकडे सलग उतरत येतो. हा बाह्यवळण रस्ता झाला तेव्हा तो शहराबाहेरचा होता. नंतर आंबेगाव, नऱ्हे, धायरी, वडगाव या बाजूंनी शहर त्याच्या अंगावर चढले. कॉलेजे आली, सोसायट्या आल्या. धायरी आणि आंबेगाव २०१७ मध्ये महापालिकेत आले, नऱ्हे २०२१ मध्ये. आज त्या उतारावर कर्नाटकातून माल घेऊन येणारा चौदा चाकी ट्रक आणि क्लासला निघालेली स्कूटीवरची मुलगी एकाच डांबरावर असतात. त्यांच्या वजनात काही शेकडा पटींचा फरक असतो.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रविवारी रात्री याच उतारावर एका अवजड वाहनाने एकामागून एक गाड्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत ४८ गाड्यांचा आकडा होता. पोलिसांच्या तपासात आले, की चालकाने डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केले होते. वर्तमानपत्र वाचणाऱ्याला हा निव्वळ मूर्खपणा वाटतो. पण त्यामागचे यंत्र समजून घेतले पाहिजे. भरलेला ट्रक खालच्या गिअरमध्ये उतरवला तर इंजिनच त्याला मागे ओढून धरते आणि ब्रेकवर भार येत नाही. न्यूट्रलमध्ये टाकला की सगळे वजन ब्रेकवर येते. लांब उतारावर ब्रेकचे लायनर तापतात आणि पकड सोडतात. त्यातून इंजिनही बंद केले, तर हवेच्या ब्रेकला हवा पुरवणारा पंप थांबतो. प्रत्येक वेळी पाय दाबला की टाकीतली उरलेली हवा कमी होते, आणि स्टिअरिंगही जड होते. मग चालक सांगतो, ‘ब्रेक फेल झाले.’ यंत्रशास्त्राने पाहिले तर ब्रेक फेल झालेले नसतात, ते संपवलेले असतात.

तो असे का करतो? डिझेलचा हिशेब त्याच्या अंगावर असतो म्हणून. उतारावर वाचलेले दोन-तीन लिटर ही पुष्कळ ठिकाणी त्याची वरकमाई असते. मालक ठरावीक डिझेल देतो, ठरावीक वेळ देतो. चालक रात्रभर जागा असतो. अशा शेकडो चालकांपैकी काही जण रोज हेच करणार, हे सूर्य उगवण्याइतके निश्चित आहे. आणि जे निश्चित आहे त्याला अपघात म्हणत नाहीत. ज्या शाखेत रोज दोनशे माणसे उघड्या तिजोरीजवळून जातात तिथे एक दिवस पैसे गेले, तर आम्ही त्याला दुर्दैव म्हटले नसते.

त्यानंतर काय झाले? रम्बलर पट्ट्या आल्या, फलक आले, वेगमर्यादा कमी झाली, कॅमेरे आले, सेवारस्त्यावरच्या टपऱ्या हटल्या आणि पुन्हा बसल्या. नंतर १३ नोव्हेंबर २०२५ ला, तीन वर्षांना सात दिवस कमी असताना, एक कंटेनर त्याच उतारावरून सुटला. दोन अवजड वाहनांच्या मध्ये मोटार सापडली, आग लागली. आठ बळी गेले. पुन्हा बैठक, पुन्हा पाहणी दौरा. महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, आजूबाजूचे रस्ते महापालिकेचे, वाहतूक पोलिसांची, ट्रकची तंदुरुस्ती आरटीओची, आणि बांधकाम परवाने आणखी कोणाचे. बैठकीला सगळे असतात. अशा बैठका मी बँकेतही पाहिल्या आहेत. ज्या बैठकीला सगळे असतात तिच्या इतिवृत्तात ‘कार्यवाही’च्या रकान्यात कोणाचेही नाव नसते.

केंद्र सरकारची ‘ब्लॅक स्पॉट’ची व्याख्या आहे. महामार्गाच्या साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. म्हणजे जागा दखलपात्र ठरायला आधी पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू व्हावे लागतात. उतार किती आहे, वळण कुठे आहे, शेजारी शाळा आहे की नाही, हे नकाशावर पहिल्या दिवसापासून दिसत असते. सुटलेले वाहन आपोआप रुतून थांबावे म्हणून वाळू-खडीचे उताराबाहेरचे फाटे घाटरस्त्यांवर जगभर काढतात. त्याला दहा मृत्यूंची वाट पाहावी लागत नाही.

शहराच्या आत येऊ. इथे कंटेनर नाहीत, पण माणसे अधिक मरतात ती इथल्यासारख्याच दोन प्रकारांत : दुचाकीवर आणि पायी. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली, दिवसाला ४६२. त्यांत दुचाकीवरची ४४.५ टक्के, पायी चालणारी १९.५ टक्के. महाराष्ट्रातली १५ हजार २२४. त्याच सरकारी अहवालात ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खाती टाकलेले आहेत आणि खड्ड्यांच्या खाती १,८५६. हे रकाने भरतो तो ठाण्यातला हवालदार, आणि त्याच्या हातात आधीच ते वाक्य असते. ‘भरधाव’ लिहून झाले की अतिवेगाचा रकाना आपोआप भरतो. जिथे पादचाऱ्याला ओलांडायला जागाच ठेवलेली नव्हती असा रकाना भरायला सोपा नाही.

अर्थात वेग मारतो, यात शंका नाही. फक्त तो कसा मारतो हे शाळेतल्या पदार्थविज्ञानाइतके स्वच्छ आपल्याला कोणी सांगत नाही. मोटार ताशी ३० किलोमीटरने चालली आहे आणि १४ मीटरवर मूल रस्त्यात आले. चालकाच्या डोळ्याने पाहून पाय ब्रेकवर जायला साधारण एक सेकंद लागतो. तेवढ्यात गाडी ८ मीटर जाते. पुढच्या ५ मीटरांत, रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले असतील तर, ती थांबते. मूल घाबरते, चालक शिव्या देतो, सगळे घरी जातात. आता हीच गाडी ५० ने आहे. त्या एका सेकंदातच ती १४ मीटर गेली. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच ती मुलापाशी पोहोचली, आणि तीही पुऱ्या ५० च्या वेगाने. ३० ने बसलेला धक्का साधारण पहिल्या मजल्यावरून पडण्याइतका असतो, ५० चा तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून. चालक दोन्ही वेळा तोच आहे, त्याचे संस्कारही तेच आहेत. आणि शहरात ५० ला कोणी भरधाव म्हणत नाही.

दिवसा पुण्यात ५० ने जाता येतच नाही, कोंडी आपल्याला वाचवते. रात्री अकरानंतर तेच रस्ते धावपट्ट्या होतात. रुंद, एकेरी, मध्ये अडथळा नाही. आपण रस्ते रुंद करतो ते कोंडीच्या वेळेसाठी, आणि माणसे मरतात ती मोकळ्या वेळी. वेगमर्यादेची पाटी कोणी वाचत नाही. रस्त्याची रुंदी मात्र प्रत्येक चालक वाचतो आणि तिचे निमूटपणे ऐकतो. उलट दिशेने येणाऱ्या दुचाक्यांचेही तसेच. तो गुन्हा आहे, त्याला दंड हवाच. पण दुभाजक एवढा लांब घातला, की समोरच्या गल्लीत जायला किलोमीटरभर वळसा पडावा, तर किती जण तो घेतील याचा अंदाज आखणाऱ्याला कागदावरच करता येतो.

आणि पायी चालणारा? सिग्नलचे गणित करताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असे धरतात. २४ मीटर रुंद रस्त्याला वीस सेकंद. गुडघ्याचे दुखणे असलेली सत्तरीतली बाई सेकंदाला ०.८ मीटर चालते. तिला तीस लागतात. उरलेले दहा सेकंद ती कुठे असते ते कोणत्याही चौकात उभे राहून बघावे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फुटपाथ किमान १.८ मीटर मोकळा आणि १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको, असे स्वच्छ लिहिले आहे. आपले फुटपाथ पावसाळ्यातल्या ओट्यासारखे उंच असतात, त्यावर विजेचा डबा, वडापावची गाडी आणि चार स्कूटर. मग माणूस खाली उतरतो आणि ‘रस्त्यातून चालत होता’ म्हणून दोषी ठरतो. त्याच्यासाठी पादचारी पूल बांधतात. गाडीला चढ नको म्हणून चाळीस पायऱ्या चढायच्या त्या त्या बाईने! पूल मग जाहिरातींच्या फलकांना उपयोगी पडतो. जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ झाला तेव्हा माणसे त्यावरूनच चालू लागली, हे आपण पाहिले आहे. लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा होतो. बैलांना पोळा असतो तसा पादचाऱ्यांना एक दिवस. पण त्या दिवशी तिथे म्हातारी माणसे रस्त्याच्या मधोमध चालताना दिसतात, आणि ते दृश्य बघण्यासारखे असते.

हेल्मेटचा विषय पुण्यात काढणे म्हणजे मोहोळाला दगड मारणे. तरी सांगतो. हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, असा जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष आहे. २०२२ मध्ये देशात हेल्मेट नसताना ५० हजार २९ जण गेले, त्यांत १४ हजारांवर मागे बसलेले होते. २०१९ च्या जानेवारीत सक्तीविरुद्ध या शहरात मोर्चे निघाले. मानेचे विकार, केस गळणे, ऐकू न येणे, अशी सगळी कारणे मी आदराने ऐकली आहेत. पण हेल्मेट ही शेवटची तटबंदी आहे. फक्त तिच्याच पावत्या फाडून रस्ता सुरक्षा झाली असे म्हणणे म्हणजे तिजोरी उघडी टाकून कॅशियरचा विमा उतरवण्यासारखे आहे.

दिवाणखान्यात या सगळ्याला एक उत्तर तयार असते : ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही.’ फिर्यादीतल्या वाक्याचा हा सभ्य भाऊ. शिस्त नाही हे खरे, पण ती रक्तात असते वा नसते असे मला वाटत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये दीडशेच्या घरात माणसे गेली होती. त्या वर्षापासून तिथे प्रत्येक मृत्यूच्या जागेची तपासणी, कठड्यांची दुरुस्ती, थांबलेल्या ट्रकवर कारवाई आणि लवकर पोहोचणारी वैद्यकीय मदत असे काम एकत्र सुरू झाले. तीन-चार वर्षांत आकडा शंभराच्या आत आला. चालक तेच होते, मराठी माणसे, आपलेच जावई आणि भाचे. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये ठरवले, की माणसे चुकणारच, पण चुकीची शिक्षा मृत्यू असू नये आणि तसा रस्ता बांधणे हे रस्ता बांधणाऱ्याचे काम. हेलसिंकी हे सुमारे सात लाख वस्तीचे शहर. निम्म्याहून जास्त रस्त्यांवर ३० ची मर्यादा, आणि जुलै २०२५ ला संपलेल्या बारा महिन्यांत तिथे रस्त्यावर एकही मृत्यू नाही. पुणे त्याच्या कितीतरी पट मोठे, दाटीचे आणि दुचाक्यांचे आहे, तुलना ताणण्यात अर्थ नाही. मी शून्य मागत नाही. प्रत्येक मृत्यूचा चौकशी अहवाल मागतो.

सुटसुटीत गोष्ट आहे. अपघातात माणूस गेला की पंधरा दिवसांत दोन पानी अहवाल : काय झाले, रस्त्यात काय उणे होते, ते कोणी दुरुस्त करायचे, कधीपर्यंत. खाली नाव आणि सही. तारीख उलटली की शेरा. हा कागद क्षेत्रीय कार्यालयाच्या फळ्यावर लावायचा. चालकाचा खटला त्याच्या गतीने चालू द्यावा, त्याला सोडा असे कोणी म्हणत नाही. जखमींसाठी कायदा पुष्कळ पुढे आला आहे : मदत करणाऱ्याला पोलीस वा दवाखान्याने छळू नये हे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१९ मध्ये संसदेने सांगितले, आणि मे २०२५ पासून पहिले सात दिवस दीड लाखापर्यंतचा उपचार रोख न भरता मिळण्याची योजना आहे. जो वाचला त्याच्यासाठी हे झाले. जिथे तो पडला त्या जागेसाठी अजून कोणी नाही.

माहिती गोळा करायचे कष्टही नव्याने घ्यायला नकोत. पोलीस आता अपघाताची जागा आणि तपशील केंद्राच्या संगणकप्रणालीत भरतात. बँकेतून वरिष्ठ कार्यालयाला जाणाऱ्या विवरणपत्रांचे काय होते हे मी जाणतो, म्हणून त्यावर फार भिस्त ठेवणार नाही. पण त्याआधी जागेवर पंचनामा होतो. हवालदार टेप धरतो, दुसरे टोक पंचाच्या हातात असते. दुभाजकापासून प्रेत किती फुटांवर, चाकांच्या खुणा किती लांब, दिव्याचा खांब कुठे आणि तो चालू होता का, झेब्रा पट्टे दिसतात की पुसले आहेत, पुढचे वळण किती अंतरावर, हे सगळे हाताने लिहिले जाते. तो कागद खटल्याच्या फायलीत जातो आणि चार-पाच वर्षांनी उलटतपासणीत वकील तो पुन्हा उघडतो. त्या भागाच्या कनिष्ठ अभियंत्याकडे त्याची प्रत जात नाही. झेरॉक्सला दोन रुपये पडतात.